लिनिअर नंतर घे

नाव नोंदवायच्या खोलीत तीन टेबलं होती. पहिल्यावर फॉर्म मिळायचा, तिसऱ्यावर शिक्का बसायचा, आणि मधल्यावर तो बसायचा. पुढ्यात पुठ्ठ्याची पाटी – 'मार्गदर्शन'. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, बाह्या दुमडलेल्या, खिशावर शाईचा डाग, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातली सगळी घाई याने एकदाच करून पाहिली आणि सोडून दिली.

माझ्यापुढे रांगेत नऊ जण होते. नऊही जणांना त्याने एकच सल्ला दिला.

"लिनिअर अल्जिब्रा? नंतर घे."

"नंतर म्हणजे कधी?"

"तिसऱ्या वर्षी. आधी बाकीचं होऊ दे. घाई कसली?"

अख्खं कॉलेज त्याला 'नंतर' म्हणायचं हे मला पुढे कळलं. लाडात आले की 'नंतरराव'.

माझी पाळी आली. मी फॉर्म टेबलावर ठेवला. पहिल्या वर्षाच्या रकान्यात पहिलंच नाव लिनिअरचं होतं, पेनाने लिहिलेलं. पेन्सिल मी आणलीच नव्हती.

त्याने फॉर्म पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा फॉर्म.

"चुकून लिहिलंस?"

"नाही."

"हा तिसऱ्या वर्षाचा विषय आहे."

"असं कुठे लिहिलंय? दाखव."

"लिहिलेलं नाही. पण पहिल्या वर्षी कुणी घेत नाही."

"मग मी घेतला की तुला नवीन वाक्य शोधावं लागेल. 'एक जण सोडून कुणी घेत नाही.'"

मागच्या मुली फिसकन हसल्या. तो जरा ताठ बसला.

"हे बघ, मी शेवटच्या वर्षाला आहे, तू पहिल्या. मला 'तुम्ही' म्हणतात इथे."

"तू मला पहिल्या शब्दापासून 'तू' म्हणतोयस. तू सुरू कर 'तुम्ही', मी लगेच पकडते."

त्याने फॉर्मवर सही केली – मार्गदर्शकाची सही लागायची म्हणून, नाहीतर मी थांबलेच नसते – आणि मान खिडकीकडे वळवून, अजिबात आवाज न करता, नुसतेच ओठ हलवले.

त्याला वाटलं, झालं, कुणाला काही कळलं नाही.

मी विणकराची पोर आहे. आमच्या घराला लागूनच मागाची खोली होती. सहा माग एका वेळी चालले की शेजारी उभ्या माणसाचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे सगळे ओठ वाचतात. आईने मला पहिली शिवी दिली तीही बिनआवाजी, आणि मी ती बरोबर वाचली. त्यामुळे खिडकीकडे बघून तो काय म्हणाला ते मला स्वच्छ दिसलं.

'ही बला झेपणार नाही.'

बला! मी शिक्का मारून घेतला आणि जाताना त्याची पाटी पालथी घालून गेले.

*

प्रेमाच्या गोष्टीतल्या मुलींना वेळच वेळ असतो. केस सुकवायला, गच्चीवर उभं राहायला, 'विचार करून सांगते' म्हणायला. मला एक वर्ष होतं. मोजून एक.

आमच्या घरातून एका वेळी एकीलाच बाहेर राहून शिकता येणार होतं. यंदा मी, पुढच्या वर्षापासून धाकटी. धाकटीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, मध्येच तोडता न येणारा. त्यामुळे मी माझी उरलेली वर्षं तिला दिली, आणि दिली याचा डांगोरा पिटला नाही. पण आमच्या गावातल्या गिरणीच्या नक्षीखान्यात – जिथे कापडावरची वेलबुट्टी आधी कागदावर काढतात – तिथे नवा कॉम्प्युटर आला होता. तिथल्या म्हाताऱ्या नक्षीवाल्याने मला सांगितलं होतं, "नक्षी फिरवायची, उलटवायची, ताणायची, सगळं आता याच गणिताने चालतं. लिनिअर पास होऊन ये, खुर्ची तुझी. नाहीतर खाली कांड्या भरायला आहेसच."

कांड्या भरणं म्हणजे दिवसभर उभं राहून सूत गुंडाळणं. माझी आई तेवीस वर्षं तेच करत होती. तिचे पाय मी दाबलेत. म्हणून मला खुर्ची हवी होती.

तर नंतर वगैरे माझ्याकडे नव्हतंच. हा शब्द ज्यांच्या घरात असतो त्यांनी वापरावा.

*

पहिल्या तासाला मी वर्गात शिरले. सगळे माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. आणि शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून – नंतरराव.

मी थांबलेच.

"तू? तू इथे काय करतोयस?"

"विषय घेतलाय," तो छताकडे बघत म्हणाला.

"लोकांना तिसऱ्या वर्षी घे सांगतोस, आणि स्वतः शेवटच्या वर्षी?"

"मी म्हटलं होतं ना... नंतर."

बाई वर्गात आल्या. बाईंचा पदर कायम खडूने पांढरा असायचा आणि जीभ कायम धारदार. हजेरी घेताना त्याच्या नावापाशी थांबल्या. "अरे वा. आलास शेवटी. मला वाटलं मी निवृत्त झाल्यावर येतोस." मग माझ्या नावापाशी. "आणि तू बाळे, तू फारच लवकर आलीस. एकाला निघायची घाई नाही, दुसरीला पोचायची घाई. बसा."

त्या दिवसापासून तो मला 'आत्ता' म्हणायला लागला. आत्ताबाई.

"आत्ताबाई, तास संपलाय, वही मिटा."

"नंतरराव, तास सुरू झालाय, वही उघडा."

वरवर भांडण. पण वर्ग सुरू झाला की माझी मान आपोआप मागे वळायची, आणि दर वेळी तो आधीच माझ्याकडे बघत असायचा. मग दोघंही फळ्याकडे. फळ्यावर काय होतं ते मला आजही आठवत नाही.

*

पाचव्या आठवड्यात पहिली चाचणी झाली. वीसपैकी शून्य.

शून्य! मला गणितात कधी सत्तरच्या खाली मिळाले नव्हते. बाईंनी पेपर हातात देताना म्हटलं, "शून्य मिळवायलाही मेहनत लागते, आणि तुझी दिसतेय. पण शुक्रवारी विषय सोडायची शेवटची तारीख आहे. विचार कर. नंतर घेतलास तरी चालेल."

नंतर. पुन्हा तेच.

मी ग्रंथालयामागच्या जिन्यावर जाऊन बसले. तिथे कुणी येत नसे. गंजलेली सायकल, कुंडीत वाळलेलं काहीतरी, आणि भिंतीतून येणारा जुन्या कागदांचा वास. रडत नव्हते. दात आवळून बसले होते, त्याला माझ्याकडे रडणंच म्हणतात.

तो आला. दोन पायऱ्या खाली बसला. हात पुढे केला. मी पेपर दिला – का दिला ते माहीत नाही, कुणालाच दाखवणार नव्हते.

तो बराच वेळ पेपर बघत राहिला. मग खिशातून पेन काढून मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः आकडेमोड करायला लागला. एक गणित, दुसरं, तिसरं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग त्या एकेक करून गेल्या.

"आत्ता..."

"काय?"

"तुझी सगळी उत्तरं बरोबर आहेत."

"चेष्टा करू नकोस. मारीन."

"खरंच. फक्त ती दुसऱ्याच प्रश्नांची आहेत." तो एक पायरी वर आला. "हे बघ. दोन मॅट्रिक्सचा गुणाकार. डावीकडच्याची आडवी ओळ घ्यायची आणि उजवीकडच्याचा उभा रकाना. तू उलटं केलंयस. डावीकडचा उभा रकाना घेतलास, उजवीकडची आडवी ओळ. सगळीकडे. एकदाही न चुकता! म्हणजे तू दोन्हींची जागा बदलून गुणाकार केलास आणि वर उत्तर आडवं पाडून ठेवलंस. इतकी शिस्तीत केलेली चूक मी आयुष्यात पाहिली नाही. असं का केलंस?"

मला एकदम हसू आलं. कारण मला कळलं होतं.

"ताणा," मी म्हटलं.

"कोण?"

"ताणा रे. मागावर आधी उभे धागे ताणतात, तो ताणा. मग त्यातून आडवा धागा जातो, तो बाणा. उभं नसेल तर आडवं जाणार कशातून? मी अक्षरं शिकायच्या आधी हे शिकलेय. जगात उभं आधी, आडवं नंतर."

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतका वेळ, की मलाच पेपरात बघावं लागलं.

"इथे उलट आहे," तो हळूच म्हणाला. "आडवं आधी. उभं नंतर."

"आलास का पुन्हा नंतरवर!"

दोघंही हसलो. आणि मग त्याने सगळ्याची माती केली.

"पण खरं सांगू? शुक्रवारी सोडून दे. पुढच्या वर्षी घे. नाहीतर तिसऱ्या. नंतर सोपं जाईल तुला."

माझं डोकंच फिरलं.

"नंतर, नंतर, नंतर! तुझ्या घरी नंतरचे डबे भरून ठेवलेत का फळीवर? माझ्याकडे हेच वर्ष आहे. पुढच्या वर्षी या कॉलेजात मी नसणार, माझी धाकटी बहीण असणार. हे पास झाले तर खुर्ची, नाहीतर आईसारखी उभी राहीन आयुष्यभर. तू बस तिथे पाटी लावून. पोरांना भीती वाटते, तू तिला 'मार्गदर्शन' म्हणतोस!"

त्याने पेपर गुडघ्यावर ठेवला. सायकलच्या गंजाकडे बघत राहिला.

"पोरांना नाही," मग म्हणाला. "मला वाटते."

"काय?"

"भीती. पहिल्या वर्षी मीही हाच विषय घेतला होता. नापास झालो. माझे वडील शाळेत गणिताचे मास्तर. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, 'असू दे.' त्यानंतर त्यांनी मला कधी गणित विचारलं नाही. जेवताना, चालताना, सतत कोडी घालणारा माणूस... एकदाही नाही. तेव्हापासून दर वर्षी फॉर्मवर लिनिअर लिहितो, वर्गात पाऊल टाकत नाही, आणि विषय सोडायच्या शेवटच्या दिवशी जाऊन खोडतो. दोनदा खोडलंय. या शुक्रवारीही जाणार होतो."

"आणि पदवी?"

"याशिवाय मिळणार नाही. यंदा शेवटचं."

मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"शुक्रवारी तू माझ्याबरोबर या जिन्यावर बसायचं. कार्यालय बंद होईपर्यंत. उठलास तर तंगडी मोडीन."

त्याने मान वळवली आणि पुन्हा ओठ हलवले, आवाज न करता. मी वाचलं. 'मोड.'

*

शुक्रवारी आम्ही बसलो. खाली कार्यालयाची कडी लागली तेव्हा त्याने इतका मोठा श्वास सोडला की कुंडीतलं वाळकं पान हललं.

मग रोज. ग्रंथालयातलं खिडकीजवळचं टेबल. तो एका बाजूला, मी समोर. त्याने मला ओळ आणि रकाना शिकवला, मी त्याला न थांबणं शिकवलं. तो दर गणिताच्या मध्ये थांबायचा. "चुकलं तर?"

"चुकलं तर खोडरबर आहे. पुढे चल."

"आधी नीट विचार..."

"आधी लिही."

"तुला माहीतेय," एकदा तो म्हणाला, "यात क्रमाला महत्त्व आहे. आधी हे मग ते केलं तर एक उत्तर, आधी ते मग हे केलं तर दुसरंच."

"मोज्यांआधी बूट घातल्यासारखं."

"हां. तर माणसाने आधी पास व्हावं, आणि मग..."

"आणि मग काय?"

त्याचे कान लाल झाले. "आणि मग... पुढचा धडा."

ग्रंथालयात बोलायला बंदी. त्यामुळे तो पुटपुटायचा. मनातल्या मनात, ओठांनी. त्याला वाटायचं ते त्याचं खाजगी. आणि मी समोर बसून, मान खाली घालून, पापणीआडून सगळं वाचायचे.

'आज सांगतोच.'

'उद्या सांगतो.'

'केस बांधू नको ना.' (मी सोडले. उकडतंय म्हणून, असं मोठ्याने सांगून.)

'परीक्षा झाली की.'

मी सांगितलं का नाही, की मला दिसतंय? कारण वाचलेलं नको होतं. ऐकायचं होतं. लहानपणापासून आमच्या घरातली सगळी माया ओठांवरच राहिली, आवाजात कधी आलीच नाही. मागांनी खाल्ली. मला कुणीतरी मोठ्याने म्हटलेलं हवं होतं. एकदा तरी.

*

वर्षाच्या शेवटी निकाल लागला त्या सकाळी हवेत ओल्या मातीचा वास होता, आणि फळ्यापुढे मरणाची गर्दी. मला अडुसष्ट. त्याला चाळीस. पास व्हायला चाळीसच लागायचे.

बाई मागून येऊन म्हणाल्या, "एकही गुण वाया घालवला नाहीस हो."

तो हसला, आणि तसाच फोनकडे पळाला. परत आला तेव्हा डोळे ओले होते.

"वडील काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बरं. मग आता सांग, एका टाकीला दोन नळ आहेत...'"

त्याच दुपारी मला न्यायला बाबा आणि धाकटी आले. ट्रंक, गादी, बादली. बसथांबा फाटकासमोरच. सामान टपावर चढलं. बाबा खिडकीपाशी बसले, मी त्यांच्या मागच्या. धाकटी भुकेली होती, ती डबा उघडून बसली.

तो फाटकाशी उभा होता. हात खिशात.

"मला... तुला एक सांगायचं होतं," तो म्हणाला होता, ट्रंक उचलताना.

"मग सांग."

"हे एवढं सामान चढू दे. नंतर..."

आणि आता बसच्या काचा बंद, इंजिन सुरू, आणि तो फुटपाथवरून माझ्याकडे बघत ओठ हलवत होता. आवाज नाही. तस्साच.

'जाऊ नकोस. मला सांगायचं होतं. पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं.'

बस्स झालं. मी काच खाली ओढली.

"मला दिसतं!"

"काय?"

"तू पुटपुटतोस ते! मला वाचता येतं! पहिल्यापासून!"

त्याचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो मनातल्या मनात एकेक दिवस मागे जात होता. ग्रंथालय, जिना, वर्ग...

"केसांचं पण?"

"केसांचं पण."

"आणि... नोंदणीच्या दिवशी?"

"मला बला म्हणालास. 'ही बला झेपणार नाही.' वर्षभर डोक्यात होतं माझ्या!"

"बला?" तो किंचाळलाच. "बला नाही! मला! 'ही *मला* झेपणार नाही' म्हणालो होतो मी!"

ओठांवर म आणि ब सारखेच दिसतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन्ही अक्षरं समोर होती. माझा स्वभाव असा, की मी शिवीच निवडली.

कंडक्टरने घंटी दिली.

"आत्ता!" तो ओरडला. मला हाक मारली, की वेळ सांगितली, कोण जाणे. मग धावत खिडकीपाशी आला आणि सगळ्या फाटकाला, बसला, रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "तू मला आवडतेस! मला! म! मला आवडतेस!"

धाकटीचा घास हातातच राहिला. बाबांना मागांपायी ऐकू कमी येतं, पण बाबा काचेतून त्याच्या तोंडाकडेच बघत होते. मागे वळून, शांतपणे म्हणाले, "पोरगा बरा दिसतोय. पुटपुटायची सवय मोडली पाहिजे."

"तू काहीतरी बोल ना," तो बसबरोबर चालायला लागला. "आत्ता बोल!"

मी धाकटीकडे पाहिलं. तिच्या मांडीवर माझ्या वह्या होत्या, पुढच्या वर्षीसाठी नीट बांधलेल्या. तीन वर्षं. माझी खुर्ची, तिचं कॉलेज. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडात आला, आणि तो थाप वाटला नाही.

"नंतर," मी म्हटलं.

"नंतर म्हणजे कधी?"

"धाकटीचं झालं की!"

बसने वेग घेतला. धूळ आत यायला लागली म्हणून बाबांनी काच वर केली. तेव्हा, काचेमागून, मी दोनच शब्द बोलले. आवाज न करता.

चार दिवसांनी पत्र आलं. एकच ओळ. 'काच लावल्यावर काय म्हणालीस? मला वाचता येत नाही.'

मी उत्तर पाठवलं. 'नंतर सांगते.'

*

तीन वर्षं पत्रं चालली. त्याच्या प्रत्येक पत्रात खाली त्याच्या वडिलांचं एक कोडं असायचं, नळाचं नाहीतर घड्याळाचं. मी खुर्चीत बसून नक्ष्या फिरवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत कोडी सोडवायचे. धाकटी पास झाली त्या आठवड्यात मी त्याला लिहिलं, 'ये.'

तो आला तो थेट घरी, मागाच्या खोलीत. सहाही माग चालू. आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे, जमीन थरथरतेय, हवेत सुताचा भुगा. तो दारात उभा, केसांवर पांढरा कापूस, हातात पिशवी. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्या आवाजात ओरडूनही उपयोग नव्हता. मी ओरडलेही नाही. तीन वर्षांपूर्वीचे ते दोन शब्द तसेच, ओठांनी म्हटले.

'मला पण.'

त्याने नीट बघितलं. डोळे बारीक केले. पत्रात कधी बोलला नव्हता, पण कुठून तरी शिकून आला होता, आरशासमोर की काय देव जाणे. मग गालातल्या गालात हसला आणि ओठ हलवले.

'बला पण?'